चारीच्या वाटेवरचे दोन कॅमेरे

वनमजूर मामा बाभळीच्या बुंध्याला पट्टा आवळतात, जरा मागे सरकतात आणि आपला गुडघा कॅमेऱ्याच्या भिंगाशी जुळवून पाहतात. भिंग गुडघ्याच्या बोटभर खाली. "बास, एवढंच पायजे." बिबट्याची कूस साधारण याच उंचीवरून जाते. कॅमेरा छातीइतका वर बांधला तर फोटोत नुसती पाठ येते, आणि जनावर ओळखायला हवी असते ती कूस. प्रत्येक बिबट्याच्या कुशीवरची ठिपक्यांची नक्षी वेगळी. एकाच बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीचीसुद्धा वेगळी.

डिसेंबरची दुपार कलते आहे. आम्ही जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या कालव्यावरून निघालेल्या एका चारीच्या कडेला उभे आहोत. एका हाताला डोक्याच्या वर गेलेला ऊस, दुसऱ्या हाताला नुकतंच तोडणी झालेलं रान, पाचटानं पिवळं दिसणारं. मधून बैलगाडीपुरती वाट. चारी झिरपून जिथे माती ओली झाली आहे, तिथे ठसा आहे. वनरक्षक ताई खाली बसून त्यावर टेप धरते. चार बोटं, मागे तळव्याची गादी, नखांची खूण नाही. कुत्र्याची नखं मातीत उमटतात. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. ठसा उसातून निघालाय आणि बांधाच्या कडेनं वस्तीकडे गेलाय.

"रोजची वाट हाय ओ त्याची," मामा म्हणतात. "तोडणी लागली का बिचाऱ्याचं घर हालतं."

आज या वाटेवर दोन कॅमेरे लागतायत. पहिला जुना, वनखात्याच्या रेंजवर गेली काही वर्षं वापरात असलेला. रात्री फोटो घेताना त्याचे दिवे ८५० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश टाकतात. हा प्रकाश बहुतांशी माणसाच्या नजरेपलीकडचा, पण पुरता नाही. समोरून पाहिलं तर काळोखात लाल ठिपके दिसतात. दुसरा कॅमेरा नवा, मातकट रंगाचा, वीतभर उंचीचा. त्याच्या काळ्या काचेमागचे दिवे ९४० नॅनोमीटरचे आहेत. खोक्यावर तीन दावे छापलेत: उजेड नाही, आवाज नाही, आणि रात्रीचा पल्ला तीस मीटर. हा कॅमेरा आणखी घ्यायचा की नाही हे ताईनं रेंजला कळवायचं आहे. कळवण्याआधी तिला तिन्ही दावे या चारीवर, या थंडीत, या उसात तपासून हवेत. मी तिची मदतनीस म्हणून आले आहे. हातात वही आणि टॉर्च.

लाल ठिपक्यांचं एवढं का, हे ताई मला काम करता करता सांगते. या दिवसांत ऊसतोड टोळीच्या कोयत्यापुढे बिबट्याचे बछडे सापडतात. आई उसात व्यालेली असते, तोडणीच्या गलक्यानं ती बाजूला जाते आणि बछडे सरीत राहतात. मग वनखात्याची माणसं येतात, माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर बछडे तपासतात आणि संध्याकाळी ते जिथे सापडले त्याच जागी एका खोक्यात ठेवले जातात. बाजूला ट्रॅप कॅमेरे. माणसं लांब. रात्रीत आई येते, खोकं पाडते, एकेक बछडा मानेला धरून उचलून नेते. ती आली की नाही हे कॅमेऱ्यावरूनच कळतं. अशा रात्री खोक्याच्या तोंडासमोर काही चमकलं आणि आई बिचकून मागे फिरली, तर किंमत बछड्यांना मोजावी लागते. ताईला न दिसणारा उजेड हवाय तो मुख्यतः याच कामासाठी.

मोजणीची गोष्ट वेगळी. तिथे उजेड दिसला तरी चालतो, ठिपके स्पष्ट आले पाहिजेत. म्हणून वाघांच्या गणनेत पांढऱ्या फ्लॅशचे कॅमेरे वापरतात, तेही वाटेच्या दोन्ही बाजूंना जोडीनं, म्हणजे एकाच वेळी दोन्ही कुशी मिळतात. २०१८-१९च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले होते आणि जवळपास साडेतीन कोटी फोटो जमले होते; गिनीज बुकात त्याची नोंद आहे. पण ती गणना जंगलातली. इथे वाटेच्या एका टोकाला दूध डेअरी आहे.

आता चालण्याची चाचणी. मामा उसाच्या कांड्या तोडून दर पाच पावलांवर एकेक रोवत जातात. ताई गणवेशाची पँट वर खोचते आणि सरळ ओणवी होऊन हात-गुडघ्यांवर वाट ओलांडू लागते. माणूस उभा चालला तर कॅमेऱ्याला तो आपल्या उंचीमुळे लवकर सापडतो. बिबट्या जमिनीलगत असतो, म्हणून चाचणीही जमिनीलगतच व्हायला हवी. कॅमेऱ्याच्या तोंडावर एक बारीक दिवा लुकलुकतो. हा दिवा फक्त चाचणीपुरता. कॅमेरा कामाला लावला की बंद.

कॅमेऱ्याच्या पोटातलं हालचाल टिपणारं यंत्र चित्र पाहत नाही, उष्णता पाहतं. समोरच्या पांढुरक्या, उभ्या-आडव्या रेघांच्या भिंगामुळे पुढच्या जागेचे पट्टे पडतात. भोवतालापेक्षा गरम काही या पट्ट्यातून त्या पट्ट्यात सरकलं की कॅमेरा जागा होतो. त्यामुळे ताई वाट आडवी ओलांडते तेव्हा दिवा पंधरा पावलांवरूनही लागतो. तीच ताई समोरून कॅमेऱ्याकडे रांगत येते तेव्हा तो सात-आठ पावलांवर येईपर्यंत ढिम्म असतो. आम्ही कॅमेरा वाटेला काटकोनात वळवतो. डिसेंबरात हे काम सोपं आहे, हवा गार आणि जनावर ऊन. एप्रिलच्या दुपारी माती अंगापेक्षा तापलेली असते, तेव्हा हाच कॅमेरा समोरून गेलेलं जनावर सोडून देऊ शकतो. साप-बेडकांची तर त्याला दादच नाही. त्यांचं अंग मातीइतकंच गार. उलट उन्हानं तापलेलं उसाचं पान वाऱ्यानं हललं की तो खुशाल फोटो काढतो. मामा विळ्यानं समोरची पाच-सहा पानं छाटून टाकतात.

"इकडं ये, कान लाव," ताई मला म्हणते. नव्या कॅमेऱ्याला मी कान लावते, ती समोर हात हलवते. टक्. बारीक, पण ऐकू येण्याजोगं. दिवसा रंगीत आणि रात्री अवरक्त फोटो घेता यावेत म्हणून भिंगामागे एक गाळणी असते. ती सरकते त्याचा हा आवाज. खोक्यावरचा दुसरा दावा इथेच संपला. वहीत मी लिहिते: आवाज आहे, तीन पावलांवर माणसाला ऐकू येत नाही. पण बिबट्याचे कान माणसाचे नाहीत. ऑस्ट्रेलियात पॉल मीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४मध्ये ट्रॅप कॅमेऱ्यांची अनेक मॉडेल तपासली तेव्हा हेच निघालं होतं: त्यांचे आवाज सस्तन प्राण्यांच्या कानांच्या टप्प्यात येतात आणि बऱ्याच कॅमेऱ्यांचा अवरक्त उजेडही त्यांच्या डोळ्यांना कळू शकतो. विकणारा काहीही म्हणो, पूर्ण लपलेला कॅमेरा अजून कुणी बनवलेला नाही असंच मी धरून चालते.

सूर्य कलतो. शेताचे मालक आबा मोटारसायकलवरून येतात, मागे त्यांची सून, आमच्या वहिनी. आबा दोन्ही कॅमेऱ्यांकडे निरखून पाहतात. नवा त्यांना दाखवावा लागतो. बाभळीच्या सालीत तो खरंच मिसळून गेलाय.

"आसा लपवला म्हंजे चोराला बी दिसायचा नाय," आबा खूश होतात.

वहिनी मात्र खूश नाहीत. त्या ताईला जरा बाजूला घेतात, पण आवाज माझ्यापर्यंत येतो. "ताई, पहाटंच्याला आमी बाया ह्याच वाटेनं पलीकडं जातो. तोडणीवाल्या बाया तर रोजच्या. त्यांच्या पालाला कुठं संडास हाय? हे आमचे पण फोटो काढनार का?"

ताई लगेच उत्तर देत नाही. कॅमेरा उघडते, पडद्यावरची यादी वहिनींना दाखवते, वेळेचं कलम काढते. "सांगा, कितीपासून कितीपर्यंत बंद ठेवू?" वहिनी विचार करतात. पहाटे चारपासून उजाडेपर्यंत, आणि संध्याकाळी अंधार पडल्यापासून नऊपर्यंत. ताई कॅमेऱ्याची वेळ रात्री साडेनऊ ते पहाटे साडेतीन अशी लावते. बिबट्या पहाटेही फिरतो, तेव्हाचे फोटो जातील, हे तिला माहीत आहे. तरी ती हे करते, आणि माझ्या मते आजच्या सगळ्या चाचणीतला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे.

कारण याची उलट बाजू उत्तराखंडात कॉर्बेटच्या परिसरात घडून गेली आहे. केंब्रिज विद्यापीठातले संशोधक त्रिशांत सिमलाई यांचा २०२४मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास त्याबद्दल आहे. जंगलात शौचाला गेलेल्या एका बाईचा ट्रॅप कॅमेऱ्यानं टिपलेला फोटो गावातल्या लोकांच्या मोबाइलवर फिरला. सरपण आणायला जाणाऱ्या बाया कॅमेऱ्याच्या धाकानं जंगलात मोठ्यानं बोलेनाशा, गाईनाशा झाल्या. आणि तो आवाज तर वाघा-हत्तीला सावध करून बाजूला काढण्यासाठीच असतो. जनावर वाचवायला लावलेल्या यंत्रानं बायांना जनावराच्या वाटेत नेऊन सोडलं. ऊस पट्ट्यात तर माणसं जंगलापेक्षा कितीतरी दाट. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं असलेल्या त्या शेतीच्या खोऱ्यात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच मोठे बिबटे आणि तितकीच तरसं निघाली. सोबत कोल्हा, रानमांजर, वाघाटी. आणि त्याच वाटांवर जाणारी-येणारी असंख्य माणसं. इथे लावलेला प्रत्येक कॅमेरा आधी माणसांचा फोटो काढतो, मग बिबट्याचा.

मामा पिशवीतून पत्र्याची पाटी काढतात. 'बिबट निरीक्षणासाठी कॅमेरा. वेळ रात्री ९.३० ते ३.३०.' खाली वनखात्याचं नाव आणि हेल्पलाइन क्रमांक. आबा कुरकुरतात, पाटी लावली तर लपवायचं कशाला? ताई पाटी वाटेच्या तोंडाशी, कॅमेऱ्यापासून बरीच अलीकडे ठोकते. "बिबट्याला वाचता येत नाय आबा. गावाला येतं." चोरीसाठी लोखंडी पेटी आणि साखळदंड आहे, तेवढं पुरतं.

अंधार पडतो. जुना कॅमेरा नव्यापासून चाळीसेक पावलांवर, त्याच वाटेवर. आम्ही उसाजवळ थांबत नाही. आबांच्या गच्चीवर जातो. साडेनऊनंतर ताई आणि मामा जीपमधून वाटेच्या तोंडाशी जातात आणि हातात टॉर्च, काठी घेऊन एकदा वाट चालून येतात. गच्चीवरून मला जुन्या कॅमेऱ्यापाशी लाल ठिपक्यांचा पुंजका स्पष्ट दिसतो, पेटतो, विझतो. नव्यापाशी काही नाही. निव्वळ काळोख. ताई परत आल्यावर मोबाइल काढते आणि समोरचा, स्वतःचा फोटो काढायचा कॅमेरा दुसऱ्या हातात धरलेल्या तिसऱ्या कॅमेऱ्यावर, नव्याच्याच मॉडेलच्या नमुन्यावर, रोखते. पडद्यावर जांभळट उजेडाचा चौकोन उमटतो. डोळ्यांना न दिसणारा उजेड मोबाइलला दिसतो. पहिला दावा माणसाच्या डोळ्यांपुरता खरा.

या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची आहे. बाराच्या सुमारास खाली मोटारसायकल सुरू होते. आबांचा मुलगा पाण्याची मोटर चालू करायला निघालाय. गळ्यात टॉर्च, हातात काठी, मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावलेली. वहिनी दाराशी उभ्या राहतात, तो परत येईपर्यंत आत जात नाहीत. बिबट्याबद्दल शहरात बसून काहीही लिहिण्याआधी हे दार एकदा पाहावं.

सकाळी आठ. ओट्यावर लॅपटॉप, भोवती आबा, वहिनी, दोन पोरं, शेजारी. चारीवरून आणलेल्या दोन मेमरी कार्डांपैकी ताई आधी जुन्या कॅमेऱ्याचं लावते. हललेली पानं. हललेली पानं. ताई आणि मामा. कुत्रं. मोटारसायकलवर आबांचा मुलगा, पोरं ओरडतात. कोल्हा, तोंडात उंदीर. पुन्हा पानं. मग दोन वाजून सदतीस मिनिटं: बिबट्या, पूर्ण, डावी कूस, ठिपके मोजता येतील इतके लख्ख. पण मान वळलेली आणि डोळे थेट भिंगात, दोन पांढऱ्या टिकल्या. पुढच्या फोटोत तो वाटेवर नाही. उसाच्या कडेला फक्त मागचा पाय आणि शेपूट.

"बगितलं त्यानं," मामा म्हणतात.

आता नव्याचं कार्ड. दोन वाजून एकोणचाळीस. तोच बिबट्या, म्हणजे दोन मिनिटांनी तो वाटेवर परत आलाय. मान खाली, चाल सैल, भिंगाकडे नजर नाही. एक कान तेवढा कॅमेऱ्याच्या बाजूला वळलाय. टक् त्याला ऐकू आलं असणार. चार फोटोंत तो चालत पुढे निघून जातो. पण चित्र पाहा. काळपट, आणि बारीक वाळू फेकल्यासारखे दाणे. पोटाकडचे ठिपके एकमेकांत पसरलेले. कॅमेऱ्याच्या आतल्या चकतीला ९४०चा उजेड कमी टिपता येतो, म्हणून फोटोला वेळ जास्त लागतो आणि तेवढ्यात चालतं जनावर पुढे सरकतं. ताई चारही फोटो जुन्या कॅमेऱ्यातल्या कुशीशी ताडून पाहते. तीन बाद. चौथ्यात बिबट्या क्षणभर थबकलाय; खांद्यावरची तीन ठिपक्यांची माळ जुळते.

पल्ल्याचं मोजमाप त्याच कार्डावर मिळतं. मामांनी रोवलेल्या कांड्यांपैकी दहा पावलांवरची स्पष्ट, पंधरावरची अंदाजानं, वीसवरची नाहीच. तीस मीटर हा आकडा या वाटेपुरता विसरायचा.

वहिनी पुढे होऊन विचारतात, "आमचा एक बी नाय ना?" ताई कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांच्यासमोर चालवते. साडेतीननंतर एकही फोटो नाही. वहिनी मान हलवतात. ताई आबांच्या मुलाचा मोटारसायकलवरचा फोटो आणि कोल्ह्याआधीचे माणसांचे सगळे फोटो तिथेच, सगळ्यांदेखत पुसून टाकते.

एका रात्रीत बिबट्याच्या मनातलं सांगता येत नाही. लाल उजेडाकडे तो वळला असेल, किंवा पलीकडे काही खसफसलं असेल. म्हणून मामा दुपारी कॅमेऱ्यांच्या जागा अदलाबदल करणार आहेत आणि तोडणी या बाजूला येईपर्यंत हे चालू राहणार आहे. बॅटऱ्याही बघायच्यात: साध्या अल्कलाइन बॅटऱ्यांचा दाब थंडीत उतरतो आणि रात्रीचा पल्ला आणखी आखडतो, म्हणून ताई लिथियमच्याच मागणार आहे. पण अहवालाचा मसुदा ती ओट्यावर बसूनच लिहिते आणि मी तो वाचते. बछड्यांच्या खोक्यासाठी आणि गोठ्याजवळच्या निरीक्षणासाठी नवा कॅमेरा घ्यावा. तो खोक्यापासून आठ-दहा पावलांच्या आतच लावावा. मोजणीसाठी आणि बिबट्या ओळखण्यासाठी तो घेऊ नये. तिथे पांढऱ्या फ्लॅशची जोडीच हवी. वस्तीजवळ कोणताही कॅमेरा लावण्याआधी त्या वाटेनं जाणाऱ्या बायांना विचारून वेळ ठरवावी, पाटी लावावी आणि माणसांचे फोटो कार्डावरून त्याच दिवशी काढून टाकावेत. शेवटचं कलम तिच्याकडे मागितलेलं नव्हतं. ते तिनं सर्वांत वर लिहिलं आहे.

तुमच्या बांधावर, चारीवर, ओढ्याच्या वाटेवर झाडाला असा मातकट डबा बांधलेला दिसला तर तो उघडू नका, हलवू नका. पाटी आहे का पाहा. नसेल तर वनरक्षकाला विचारा: कशासाठी, किती वाजता चालतो, फोटो कोण पाहतं. हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आणि उसात बछडे दिसले तर त्यांना हात न लावता तोडणी थांबवा, माणसं मागे घ्या आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.